दगड हलण्याआधी

नवापूर तालुक्यातील एका भगिनींचे पत्र या वेळी सदरासाठी निवडले आहे. त्या आश्रमशाळेत शिक्षिका आहेत आणि रविवारी मंडळीत मुलांची शब्बाथ शाळा घेतात. ओळख पटेल असा तपशील वगळून पत्रातील मजकूर थोडक्यात देतो.

"सलाम. माझा धाकटा भाऊ दहा महिन्यांपूर्वी वारला. 2021 च्या सुरुवातीला नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला, तेव्हा तो ज्या पोल्ट्रीत कामाला होता तेथील सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या गेल्या आणि त्याचे काम सुटले. पुढे बँकेचे कर्ज काढून त्याने घरामागे स्वतःचे छोटे शेड उभारले. त्या कर्जाला मी जामीनदार आहे. नंतर त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिससाठी सुरतेच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी सभेत त्याच्या डोक्यावर हात ठेवून ‘हा बरा झाला आहे’ असे जाहीर केले. आम्ही उभे राहून साक्षही दिली. डायलिसिस मात्र बंद केले नाही. तीन महिन्यांनी तो गेला. नंतर मंडळीतील एका ज्येष्ठ व्यक्तीने आईच्या देखत म्हटले, ‘घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला असणार.’ त्या दिवसापासून आई फारशी बोलत नाही, धड जेवत नाही. मी मुलांना गीते शिकवते, पण मला स्वतःला प्रार्थना करता येत नाही. मला खूप आशा होती. आता मुलांना ‘प्रभूवर आशा ठेवा’ असे सांगताना आपण खोटे बोलत आहोत असे वाटते. मी शब्बाथ शाळा सोडून द्यावी का? ते शेड विकावे का? आणि आता आशा ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे?"

प्रिय भगिनी,

तुम्हांला आणि तुमच्या आईंना सलाम. तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, परंतु आईंच्या देखत उच्चारल्या गेलेल्या त्या एका वाक्याचा विचार आधी केला पाहिजे, कारण ते वाक्य घरात तसेच पडून राहिले तर मी पुढे जे काही लिहीन ते त्याला अडखळूनच तुमच्यापर्यंत येईल.

‘कोणाचा तरी विश्वास कमी पडला’ हे विधान पवित्र शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी असाच प्रश्न विचारला होता की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने त्या दोन्ही शक्यता नाकारल्या. पौलाने आपल्या शरीरातील काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काटा निघाला नाही. त्याच पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, निरोपानिरोपीच्या ओळींमध्ये, त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवून यावे लागल्याचे नमूद केले आहे. ज्याच्या हातून अनेक जण बरे झाले होते, त्या प्रेषिताला आपल्या सहकाऱ्याला आजारीच मागे ठेवावे लागले, आणि त्याने त्रफिमाला किंवा स्वतःला त्याबद्दल एका शब्दानेही दोष दिला नाही. हे वाक्य आपल्या उपदेशांत फारसे वाचले जात नाही याची मला खंत वाटते.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षघाती मनुष्याची गोष्ट तुम्ही मुलांना अनेकदा सांगितली असेल. चौघांनी त्याला उचलून आणले, दाराशी गर्दी होती, म्हणून ते छपरावर चढले आणि छप्पर उकरून त्यांनी त्याची बाज खाली सोडली. माझे बालपण धुळे जिल्ह्यात धाब्याच्या घरात गेले असल्यामुळे ही गोष्ट ऐकताना मला नेहमी आमचे धाबेच दिसत असे, कारण धाब्याची दाबून बसवलेली माती उकरायची म्हणजे किती कष्ट आहेत आणि खाली बसलेल्यांच्या अंगावर किती माती पडते हे आम्हां मुलांना चांगले ठाऊक होते. तेथे एक शब्द आहे जो सहज नजरेतून सुटतो. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. बाजेवर पडलेल्या माणसाच्या विश्वासाचे माप कोणी काढले नाही. ज्याला चालता येत नव्हते त्याच्या वाट्याची वाट इतर चौघे चालले. तुमच्या घरी आलेल्या व्यक्तीने आईंच्या विश्वासाचे माप काढण्याऐवजी त्यांच्या बाजेचा एक कोपरा उचलायला हवा होता. मंडळीचे काम ते आहे.

हे तुम्ही आईंना सांगावे. जमल्यास पाळकसाहेबांना घरी बोलावून त्यांच्या तोंडून आईंसमोर सांगवून घ्यावे, कारण ठपका मंडळीतील माणसाने ठेवला आहे, तेव्हा तो मंडळीच्या वतीनेच उचलला गेला पाहिजे. पाळकसाहेबांशी बोलताना संकोच करू नका आणि त्या व्यक्तीचे नाव त्यांच्यापासून लपवू नका. यात चुगली नाही.

सभेत दिलेल्या साक्षीबद्दलही तुमच्या मनात सल आहे, हे तुम्ही ती गोष्ट एकाच वाक्यात उरकली आहे त्यावरून जाणवते. तुम्ही खोटी साक्ष दिली नाही. भाऊ जगावा असे वाटणाऱ्या बहिणीला कोणी अधिकाराने सांगितले की तो बरा झाला, तर ती उभी राहणारच. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, त्याला तेल लावावे, असे याकोबाच्या पत्रात स्पष्ट सांगितले आहे आणि ते आपण करत राहिले पाहिजे. परंतु मागणे वेगळे आणि देवाच्या वतीने निकाल जाहीर करणे वेगळे. जे त्या प्रचारकांच्या हाती नव्हते ते त्यांनी जाहीर केले, त्याचा भार तुम्ही वाहण्याचे कारण नाही. डायलिसिस सुरू ठेवण्याचा तुमचा निर्णय तर सर्वस्वी योग्य होता. त्याला अविश्वास समजू नका. लूक, ज्याने शुभवर्तमान लिहिले, तोही वैद्यच होता.

आता प्रार्थनेविषयी. तुमचे पत्र वाचताना मला सतत बेथानीचे घर आठवत होते, कारण तेथेही दोन बहिणी होत्या आणि त्यांचा भाऊ आजारी पडला होता. त्यांनी निरोप पाठवला, आणि निरोप मिळूनही प्रभू होता तेथे आणखी दोन दिवस राहिला, हे योहान जसेच्या तसे लिहितो. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था पुढे गेली आणि म्हणाली, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." थोड्या वेळाने मरीया आली आणि तिनेही नेमके हेच म्हटले. मला वाटते, त्या चार दिवसांत दोघी बहिणी घरात एकमेकींशी हेच वाक्य बोलत असाव्यात. म्हणून तर ते दोघींच्या तोंडी सारखेच आले.

त्या वाक्यात श्रद्धा आहे आणि तक्रारही आहे, आणि दोन्ही एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. येशूने मार्थेला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे म्हटले नाही, आणि मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला. पुढच्या काही क्षणांत आपण काय करणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. आपल्याकडे अनेकदा थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन शोकाकुल माणसाला गप्प केले जाते की, विश्वासणाऱ्याने इतके रडू नये. पौलाने तेथे ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये असे लिहिले आहे. खेदच करू नये असे त्याने कोठेही लिहिलेले नाही.

तुम्हांला प्रार्थना करता येत नाही असे तुम्ही लिहिता. तुम्ही नेहमीची, स्तुतीने सुरू होऊन उपकारस्तुतीने संपणारी प्रार्थना करण्याचा प्रयत्न करत असाल आणि ती घशात अडकत असेल, तर ती काही काळ बाजूला ठेवा. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांतील फार मोठा भाग आक्रोशाचा आहे. 13 वे स्तोत्र उघडा. पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा देवाला विचारलेला आहे. तेही जड वाटले तर 88 वे वाचा, जे शेवटपर्यंत उजळतच नाही आणि अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना त्याच्या शेवटी आशेचे एखादे वचन जोडता आले असते, पण त्यांनी ते तसेच राहू दिले. वधस्तंभावर प्रभूने स्वतःचे नवे शब्द शोधले नाहीत, 22 व्या स्तोत्राचा पहिला प्रश्नच उच्चारला की, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तेव्हा तुमचा राग आणि तुमचे ‘का’ हे प्रार्थनेच्या आड येत नाहीत. आज तुमच्याजवळ असलेली प्रार्थना तीच आहे. तीही शब्दांत येत नसेल तर रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय सांगतो की, आपल्याला योग्य तसे मागता येत नाही तेव्हा आत्माच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो.

आईंसोबत यांतील एखादे स्तोत्र वाचाल तेव्हा त्याचा अर्थ त्यांना तुमच्या मावची बोलीत सांगा. माणूस सुखाच्या दिवसांत पुस्तकी भाषेत प्रार्थना करू शकतो, परंतु मुलगा गेल्यावर आईचे रडे तिच्या स्वतःच्या बोलीतच येते. त्या बोलल्या नाहीत तरी चालेल. त्यांच्या शेजारी बसून तुम्ही बोला.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येतो, आणि येथे मला तुमच्याशी फार प्रामाणिक राहिले पाहिजे. लाजर चौथ्या दिवशी बाहेर आला. तुमचा भाऊ आला नाही. हा फरक झाकून बेथानीची गोष्ट सांगणे म्हणजे तुमच्या जखमेवर पुन्हा हात ठेवणे होय. मात्र त्या अध्यायातील क्रम नीट पाहावा. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे शब्द प्रभूने मार्थेला गावाबाहेर, कबरेपाशी पोहोचण्याआधी सांगितले, आणि तिने ‘होय, प्रभूजी’ म्हणून आपला विश्वास कबूल केला तेव्हा दगड अजून जागचा हलला नव्हता. भाऊ परत मिळेल याची तिला काहीच कल्पना नव्हती, कारण पुढे दगड काढण्यास सांगितल्यावर तीच म्हणते की, आता दुर्गंधी येत असेल. शिवाय लाजर पुढे केव्हा तरी पुन्हा मेलाच असणार. म्हणजे मार्थेची खरी आशा लाजराच्या बाहेर येण्यावर टिकू शकत नव्हती. ती ज्याने ते शब्द उच्चारले त्याच्यावर होती, आणि तो स्वतः पुढे मरणातून गेला आणि उठला, यावर मंडळीने आपली आशा ठेवली आहे. तुम्ही आणि मी आज मार्थेच्या त्या जागी उभे आहोत, गावाबाहेरच्या रस्त्यावर, वचन ऐकल्यानंतर आणि दगड हलण्याआधी.

‘मला खूप आशा होती,’ असे तुम्ही लिहिले आहे. ती आशा भाऊ बरा होण्याची होती, आणि ती संपली. तिच्यासाठी रडावे, ती संपली नाही असे भासवू नये. परंतु मुलांना तुम्ही शिकवता ती आशा दुसरी आहे. मृत्यूचा शब्द शेवटचा नाही, तुमचा भाऊ ज्याच्या हाती आहे त्याच्या हातून तो निसटलेला नाही, आणि एक दिवस त्याला नावाने हाक मारली जाईल, ही ती आशा. ती आज तुम्हांला जाणवत नसेल. जाणवत नसलेली गोष्ट सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. दिसत नाही त्याचीच आशा धरायची असते, असे पौलही लिहितो.

म्हणून शब्बाथ शाळा कायमची सोडू नये असे माझे मत आहे, पण दोन-तीन महिने दुसऱ्या कोणाला मुख्य जबाबदारी देऊन तुम्ही मुलांमध्ये नुसते बसावे. पुन्हा शिकवू लागाल तेव्हा बेथानीची गोष्ट रडण्याचा भाग न गाळता सांगा. आपल्या तालुक्यात कामासाठी गुजरातेत गेलेले आईबाप आणि आजीजवळ राहणारी मुले काही कमी नाहीत. ज्या बाईंनी स्वतः दुःख पाहिले आहे आणि ते लपवले नाही, त्यांचे शब्द अशा मुलांना कळतात.

शेडचा विचार करताना यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील 32 व्या अध्यायाची आठवण होते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला होता, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता, आणि अशा वेळी त्याने अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत 17 शेकेल चांदी मोजून विकत घेतले. साक्षीदार बोलावले, चांदी तोलून दिली, खरेदीखतावर शिक्कामोर्तब केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला लावले. सातबाऱ्यावरील एका नोंदीसाठी तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मारलेल्या आपल्या लोकांना या तपशिलाची किंमत सांगावी लागत नाही. काही काळाने शहर पडले. यिर्मयाला लोकांनी मिसर देशात नेले, आणि तो त्या शेतात कधी राहिला अशी नोंद शास्त्रात नाही. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील हे वचन खरे आहे, एवढे सांगण्यासाठी त्याने आपले पैसे खर्च केले. त्याची आशा कागदावर आली, तोलून दिली गेली आणि मडक्यात ठेवली गेली.

याचा अर्थ शेड ठेवलेच पाहिजे असा मी काढत नाही. कर्ज अंगावर येत असेल तर ते विकणे हाही विश्वासूपणाच आहे, आणि त्यात भावाचा अपमान नाही. मात्र घाईने विकू नका. आधी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा आणि कर्जासोबत विमा उतरवलेला होता का हे लेखी विचारा. भावाच्या बचत खात्यातून वर्षाला 436 रुपये कापले जात होते का तेही पासबुकात पाहा. कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना असण्याची शक्यता आहे आणि तिच्यात वारसदाराला 2 लाख रुपये मिळतात. उशीर झाला आहे म्हणून चौकशीच न करणे योग्य होणार नाही. उरलेल्या रकमेसाठी हप्ते लहान करून मिळतील का, हे जामीनदार या नात्याने तुम्ही अर्ज देऊन विचारू शकता. खाजगी सावकाराकडून पैसे उचलून बँकेचे हप्ते फेडू नका, आणि कोणी ‘अमुक दान द्या, कर्ज फिटेल’ असे सांगितले तर ते ऐकू नका. देवाला लाच देता येत नाही आणि त्याला तिची गरजही नाही.

आईंविषयी मला अधिक काळजी वाटते. इतके महिने फारसे न बोलणे आणि धड न जेवणे हे केवळ शोकाचे नसून आजाराचेही लक्षण असू शकते. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली पडून ‘आता पुरे’ म्हणत मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले, आणि पुढचा प्रवास तुला झेपणार नाही असे म्हटले. आईंना नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या विनाशुल्क क्रमांकावर तुम्ही स्वतः बोलू शकता. आईंच्या तोंडून जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक बाई माझ्या मनात आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेले, आणि 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. ज्या मुलीच्या हाती केडगावच्या मुक्ती सदनाचे काम सोपवायचे होते तीच गेली, तेव्हा रमाबाई साठी ओलांडलेल्या आणि आजारी होत्या. हिब्रू आणि ग्रीक मुळावरून शास्त्राचे साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी त्यानंतरही चालू ठेवले आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. त्यांना त्या महिन्यांत काय वाटत होते हे मी सांगू शकत नाही. त्या रोज मेजाशी बसत होत्या, एवढे मात्र त्यांच्या कामावरून दिसते. आशा ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे, असे तुम्ही विचारले होते. मला वाटते, पुष्कळ दिवस ती अशीच असते, आतून काही जाणवत नसताना हाताखालचे एक काम पुढे नेण्याइतकी.

मृग जवळ येत आहे. शेडच्या मागे थोडी जागा असेल, तर तेथे आईंना सोबत घेऊन तुरीच्या एक-दोन ओळी टाका. त्यांनी बी टाकले नाही, नुसत्या बांधावर बसल्या, तरी त्यांना तेथे न्या. तूर काढायला माघ उजाडतो, इतके महिने ती उभी राहील. पाळकसाहेब येऊन गेले का, बँकेने काय उत्तर दिले आणि डॉक्टर काय म्हणाले, ते मला अवश्य कळवा. येत्या रविवारी आमच्या मंडळीत तुमच्या घरासाठी नाव न घेता प्रार्थना होईल, तेव्हा त्या दिवशी तुम्हांला शब्द सुचले नाहीत तरी काळजी करू नका. आईंना माझा सलाम सांगा.